मंजूर अंगाई

एका अंगाईनं दोन देशांची झोप उडवली असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण झालं ते अगदी असंच.

शेजारच्या देशात एका नाट्यगृहाचं उद्घाटन होतं. तिथं मुलींनी एक अंगाई गायली आणि निवेदक पठ्ठ्या बोलून गेला, "ही आमची प्राचीन अंगाई." नेमका तेव्हाच इकडे आपल्या मंत्रीमहोदयांनी टीव्ही लावलेला. हीच अंगाई त्यांच्या आईनं त्यांना म्हटलेली. ते खुर्चीतून ताडकन उठले. "चोरी! दिवसाढवळ्या चोरी!" मग इकडून निषेध गेला, तिकडून उलटा निषेध आला, दोघांनी आपापले राजदूत परत बोलावले, व्हिसा थांबवले आणि नदीवरचा पूल बंद करून टाकला. मूल झोपवायचं गाणं ते, पण दोन राजधान्यांमध्ये कोणाचा डोळ्याला डोळा लागेना.

अंगाई म्हणाल तर एवढीशीच:

नीज माझ्या लेकरा, नदीच्या पल्याड
मावशीचं घर, दारात झाड;
उद्या पहाटे होडीत बसू,
मावशीच्या अंगणात पोटभर हसू.

आणि त्यापुढे नुसतं "हं हं हं", मूल झोपेपर्यंत.

परराष्ट्र मंत्रालयात एक सांस्कृतिक कक्ष होता. कुठे, तर तळमजल्यावर, जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीपलीकडे. आत नाचाच्या पोशाखांच्या पेट्या, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. तिथले उपसंचालक इतकी वर्षं उपच राहिले होते की शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे त्यांना उपसाहेब म्हणत. परदेशी पाहुणा आला की उपसाहेबांनी नाच बसवायचा, पाहुण्यानं जांभई दाबत बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि मग खरी बोलणी करायला वरच्या मजल्यावर जायचं. अंगाईवरून पेटलं तशी उपसाहेबांची किंमत एकदम वाढली. वरच्या मजल्यावरून त्यांच्यासाठी चहा यायला लागला, तोही बशीसकट.

पण त्या चहाची उपसाहेबांना चव लागत नव्हती. त्यांची एकुलती एक लेक पुलापलीकडे दिलेली होती. शेजारच्या राजधानीत तिचं घर, तिथंच जावयाची नोकरी, आणि आता तिला दिवस गेलेले. दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, आणि इकडे पूल बंद.

"मला काही सांगू नका," बायको म्हणाली. घरी आल्या आल्या, उपसाहेबांनी बूटसुद्धा काढले नव्हते. "लेकीच्या बाळंतपणाला मी जाणार म्हणजे जाणार."

"अगं, पण व्हिसा..."

"तुम्ही आहात ना त्या खात्यात? इतकी वर्षं तिथं काय करताय?"

"तिथं विहीणबाई आहेत की. त्या काय तिला टाकून देणार आहेत का?"

"विहीणबाई सोन्यासारख्या आहेत. पण आई मी आहे. कळ आली की तिनं काय विहीणबाईंच्या नावानं हाका मारायच्या?" एवढं बोलून ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज वाढला. उपसाहेब एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. खरं सांगायचं तर बायकोइतकंच त्यांनाही जायचं होतं. पण बापाला कळा येत नाहीत, त्यामुळे त्याचं जाणं कोणी धरत नाही.

अशात वरून बोलावणं आलं. सचिवबाई, म्हणजे मंत्रालयातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दमलेली बाई, चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. "उपसाहेब, तोडगा निघालाय. तिकडच्या राजधानीत संयुक्त सांस्कृतिक संध्या. आपलं पथक आणि त्यांचं पथक, एकाच मंचावर, एकत्र तीच अंगाई गाणार. कार्यक्रम नीट पार पडला की व्हिसा सुरू."

"नक्की सुरू?"

"दोन्ही बाजूंनी शब्द दिलाय."

उपसाहेब जिना उतरून खाली आले ते जवळजवळ उड्या मारत. पथकप्रमुख म्हणून तेच जाणार होते. पलीकडे पाऊल टाकलं की लेक, आणि कार्यक्रम झाला की बायकोला व्हिसा! कपाटातून त्यांनी आपला जुना कोट काढला आणि उन्हात टाकला.

आता गायचं म्हणजे आधी मंजुरी आली. सरकारात कुठलंही गाणं सुरात आहे की नाही हे नंतर बघतात, मंजूर आहे की नाही हे आधी. सगळ्या खात्यांचे प्रतिनिधी एका लांबलचक टेबलाभोवती बसले. पहिला घोळ इथंच झाला, की आपली अधिकृत अंगाई नक्की कोणती? गृहखात्याच्या गृहस्थांच्या आईनं "दारात झाड" म्हटलं होतं, अर्थखात्याच्या बाईंच्या आजीनं "दारात पहाड". वनखात्याचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे मावशी नव्हतीच, आत्या होती." टेबलाभोवती जेवढी माणसं, तेवढ्या अंगाया. पण "हिची मालकी आपली आणि फक्त आपली" यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

शेवटी उपसाहेबांनी आपल्या आईची अंगाई पुढे केली आणि मग खात्यांनी ती हातात घेतली.

जलसंपदावाले म्हणाले, "'नदीच्या पल्याड' चालणार नाही. पल्याडचा काठ त्यांचा आहे असं आपण मान्य केल्यासारखं होतं. मधल्या बेटाचा वाद अजून मिटलेला नाही." नदी गेली.

गृहखातं म्हणालं, "'उद्या पहाटे होडीत बसू'? कागदपत्रांशिवाय? आणि पहाटेच का? हे तर घुसखोरीला सरळ आमंत्रण आहे." पहाट गेली, होडीही बुडाली.

संरक्षणखात्याच्या माणसाला झाडाबद्दल शंका होती. सीमेपलीकडे झाड असेल तर त्याच्या आड काय आहे हे आधी बघावं लागेल, म्हणाला. वनखात्याला झाडाची जात हवी होती. तेवढ्यात कोणीतरी मावशीवर बोट ठेवलं. पलीकडे आपली मावशी कशी? मावशी पलीकडे असेल तर आई कुठली? लगेच मावशीवर लाल रेघ ओढली गेली.

"पोटभर हसू तरी ठेवू या की," उपसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले.

"सध्याच्या तणावात हसणं बरं दिसणार नाही," सचिवबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, पण डोळे उपसाहेबांकडे नव्हते.

उरली पहिली ओळ, 'नीज माझ्या लेकरा'. तिच्यावर मंत्रीमहोदयांनी स्वतः शेरा मारला, की परक्या देशात उभं राहून आपण आपल्याच लेकरांना झोपा म्हणून सांगायचं? राष्ट्राला जागं ठेवायचं सोडून? गेली तीही ओळ.

उपसाहेबांच्या हातात राहिलं काय, तर शेवटचं "हं हं हं". त्यावर सगळ्या खात्यांच्या सह्या झाल्या. गोल शिक्का बसला.

ते घेऊन ते गुरुबाईंकडे गेले. गुरुबाई म्हणजे पथकाच्या मुख्य गायिका. आयुष्य गळ्यावर काढलेली बाई, बोलायलाही कोणाला भ्यायची नाही. तिनं मंजूर अंगाई डोळ्यांजवळ धरून वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं आणि उपसाहेबांकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली.

"हे काय आहे?"

"अंगाई."

"हे दाढदुखीचं कण्हणं आहे. याला तालीम कशाला हवी? तुमच्या सगळ्या खात्यांना घेऊन जा की मंचावर, सगळे इथं हेच करत असतात."

उपसाहेबांनी कागद परत घेतला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, मनापासून वाटलं होतं. आईची अंगाई त्यांनी आपल्या हातानं सोलून काढायला दिली होती. पण डोळ्यांसमोर लेक होती. ते घाबरत घाबरत म्हणाले, "गुरुबाई, तिकडचे तरी शब्द गातील. आपण मागून साथ देऊ."

म्हणून त्यांनी तिकडे फोन लावला. दोन्ही देशांत सगळं बंद होतं, पण दोन सांस्कृतिक कक्षांमधला फोन तेवढा चालू होता, कारण तो बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पलीकडेही एक उपच होता.

"आमच्याकडे थोडी काटछाट झालीय," उपसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे काय उरलं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "हं हं हं."

"म्हणजे हो?"

"नाही हो. तेवढंच उरलं."

दोघेही हसले. आधी दबून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकाच वेळी दोघांच्याही लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही, आणि दोघांनी फोन ठेवला.

एकदा गाणं फक्त गुणगुणण्यापुरतं उरलं ही बातमी फुटली आणि मंत्रालयात धमाल उडाली. गुणगुणायला काय लागतं? प्रत्येकाला कलावंत असल्याचा साक्षात्कार झाला. शेजारच्या राजधानीत कापड स्वस्त मिळतं आणि कार्यक्रमानंतर चार दिवस "सांस्कृतिक स्थळदर्शन" आहे, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मंत्र्यांची मेहुणी पथकात आली. मेहुणीची मैत्रीण आली. अर्थखात्याच्या बाईंचा भाचा आला, त्याचा आवाज फुटायचा होता. एकेक नाव आत शिरलं तशी गुरुबाईंची एकेक गायिका बाहेर पडली. शेवटी गुरुबाई स्वतःच म्हणाल्या, "मला वगळा. मी कण्हायला येत नाही." आणि त्यांच्या जागी मंत्र्यांचा साडू आला.

हे सगळं बायकोच्या कानावर गेलंच. कोणी सांगितलं देव जाणे.

"मेहुणी जाते, साडू जातो, आणि मी का नाही?" या वेळी ती ओरडली नाही. पदराशी चाळा करत शांतपणे म्हणाली, आणि उपसाहेबांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "मला हं हं येत नाही का? आपल्या पोरीला मी तेच करून झोपवलंय."

"अगं, आयुष्यात मी कधी आपल्या माणसाला घुसवलं नाही गं कुठे."

"माहितीय मला. म्हणून तर तुम्ही उप राहिलात."

पथकाच्या बसमध्ये जागा मोजक्या. दोन्ही बाजूंची माणसं समसमान हवीत असा करार, एकही वाढवता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. बाकी काही बोलली नाही, नुसतं म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते हो." फोन ठेवल्यावर उपसाहेब डांबराच्या गोळ्यांच्या वासात बराच वेळ बसले. मग वर गेले आणि सचिवबाईंना म्हणाले, "माझं नाव काढा. माझ्या जागी माझी बायको."

सचिवबाईंनी चष्मा खाली घेतला. "पथकप्रमुख कोण मग?"

"मंत्र्यांची मेहुणी आहे की. ती तशीही प्रमुखासारखीच वागतेय."

"तुम्हाला जायचं नाही? लेक आहे ना तुमची तिकडे?"

"आहे," उपसाहेब म्हणाले. सचिवबाईंनी जास्त विचारलं नाही आणि सही केली. "व्हिसा सुरू झाले की तुम्ही जालच," त्या म्हणाल्या, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हरखली, मग एकदम तिचा चेहरा पडला. "आणि तुम्ही?"

"मी टीव्हीवर बघतो. पहिल्या रांगेत उभी राहा, म्हणजे दिसशील." उन्हात टाकलेला कोट त्यांनी झटकून पुन्हा कपाटात अडकवला.

संध्या कशी झाली म्हणता? अख्ख्या देशानं पाहिली. मंचावर दोन्ही पथकं, पोशाख झगझगीत, कोणाच्याही अंगावर नीट न बसलेले, कारण शिवले होते गायिकांच्या मापाचे. मागे पडद्यावर दोन्ही देशांचे झेंडे, एक इंचही कमीजास्त नाही. उपसाहेबांची बायको पहिल्या रांगेत, मेहुणीच्या कोपराआड. संगीत सुरू झालं आणि सगळे गुणगुणायला लागले. कोणाचा सूर कोणाला लागत नव्हता, पण अंगाईची चाल मात्र लहानपणापासून प्रत्येकाच्या अंगात मुरलेली. हं हं हं. शब्द नाहीत, काही नाही. हं हं हं. किती वेळ चाललं कोणास ठाऊक, कारण थांबायचं कधी हे मंजुरीत लिहायचं राहून गेलं होतं.

आणि गंमत बघा, अंगाईनं आपलं काम केलं. समोर शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही मंत्र्यांना आधी जांभया आल्या, मग माना डोलायला लागल्या, आणि कॅमेरा वळला तेव्हा आपले मंत्रीमहोदय त्यांच्या मंत्र्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेले, तोंड अर्धवट उघडं. त्यांचे मंत्री ह्यांच्या टकलावर गाल ठेवून घोरत होते. सभागृहात कोणाची हिंमत होईना उठवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो आणि वर मथळा, 'परस्परविश्वासाचं नवं पर्व'.

मेहुणी कलारत्न ठरली. मंत्र्यांना बढती मिळणार अशी कुजबुज सुरू झाली. आणि सचिवबाईंनी उपसाहेबांना संयुक्त निवेदन लिहायला बसवलं, कारण संस्कृती म्हटलं की भाषा गोड लागते आणि ती तळमजल्यावर मिळते.

"अंगाईच्या मालकीसाठी संयुक्त समिती," सचिवबाई सांगत गेल्या. "निर्णय लागेपर्यंत दोन्ही देशांनी शब्द उच्चारायचे नाहीत. आणि व्हिसा..." त्या थांबल्या.

"सुरू, ना?" उपसाहेबांची लेखणी हवेत.

"वर म्हणतायत, एवढ्यात नको. आधी समितीचा निकाल लागू दे. पण 'नाही' असं लिहायचं नाही. दुखवायचंही नाही. तुम्ही एखादा बरा शब्द घाला."

उपसाहेबांनी आयुष्यभर असे बरे शब्द घातले होते. हात आपोआप चालला. त्यांनी लिहिलं, 'व्हिसा यथावकाश सुरू होतील.' सचिवबाईंनी वाचलं आणि खुश झाल्या. तिकडून फोन आला, की त्यांनाही तो शब्द फार आवडला. दोन देशांचं पहिल्यांदाच एका शब्दावर एकमत झालं होतं. तो शब्द कुठे जाऊन बसणार आहे हे उपसाहेबांच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

स्थळदर्शनाच्या दिवसांत बायको एकही स्थळ बघायला गेली नाही. पथक कापडाच्या दुकानांत आणि ही लेकीच्या उशाशी. आणि दैव म्हणा, नशीब म्हणा, पोरीनं नेमकी तीच वेळ साधली. मुलगी झाली. बायको तिथं होती. लेकीनं हाका मारल्या आणि तिनं ओ दिली.

दुपारी उपसाहेब टेबलावर निवेदनाची पक्की प्रत तपासत होते. फोन वाजला. आवाज आला तो आधी रडण्याचा. एवढ्याशा गळ्यातून एवढा मोठा आवाज! उपसाहेब उभेच राहिले.

"बाबा," लेक म्हणाली. दमलेली, पण हसत होती. "ऐकलंत? तुमची नात. सकाळपासून हेच चाललंय."

"अगं, मग आई काय करतेय? विहीणबाई कुठायत?"

"दोघी इथंच आहेत. भांडतायत."

खरंच मागून आवाज येत होते. "दारात झाड असंच आहे हो ते, विहीणबाई," ही बायको. "अहो, पहाड! आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पहाडच म्हणतात," या विहीणबाई. "दारात कधी पहाड असतो का? माणसानं बाहेर कसं पडायचं?" "आणि नाक बघा तिचं, अगदी आमच्या घरातलं." "नाक? तुमच्या घरातलं? अहो, हे नाक आमच्या ह्यांचं आहे, डोळे मिटून सांगते!"

"बाबा, मला वेड लागेल," लेक म्हणाली. "एकीनं गायला घेतलं की दुसरी अडवते. पोरगी झोपत नाही. तुम्हीच काहीतरी करा."

"मी काय करू इथून?"

"शब्द नकोत. नुसतं गुणगुणा. मी फोन तिच्या कानाशी धरते."

उपसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पेट्या, शिक्के, बंद खिडकी. त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. हं हं हं. सगळ्या खात्यांच्या सह्या असलेली, गोल शिक्क्याची अंगाई. सूर नीट लागत नव्हता, पण चाल आईची होती. आधी तिकडचं भांडण थांबलं. मग रडण्यात हुंदक्यांचे खंड पडत गेले. मग एक लांब सुस्कारा आला आणि एकदम शांत झालं.

"झोपली," लेक कुजबुजली. "बाबा, झोपली हो."

"कशी दिसते गं?" उपसाहेबांनी विचारलं. "खरं सांग. नाक कोणाचं आहे?"

"तुम्हीच येऊन ठरवा ना. या दोघींचं काही मिटायचं नाही." मग लहानपणी विचारायची तशी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी येणार?"

उपसाहेबांची नजर टेबलावर गेली. पक्की प्रत समोरच होती आणि शेवटच्या ओळीत तो शब्द, त्यांच्याच हस्ताक्षरातून टंकलेला, दोन देशांना आवडलेला. आजवर किती लोकांना त्यांनी तो सांगितला होता, हसतमुखानं, खुर्चीतून न उठता. लेकीला सांगायला मात्र जीभ रेटेना. दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

"बाबा? ऐकताय ना?"

ऐकत होते. पण बोलता येईना, म्हणून उपसाहेब पुन्हा गुणगुणायला लागले.